इंजिनात माया ठेवून

आमच्या ह्यांना गल्लीत कोणी नावाने हाक मारत नाही. सगळे त्यांना 'होईल' म्हणतात. का, तर तुम्ही ह्यांच्यापुढे काहीही मोडकं आणून ठेवा, बुडाला भोक पडलेली किटली, मुका झालेला रेडिओ, पाणी न ओढणारा पंप, हे ती वस्तू उलटी करून बघणार, अंगठ्याच्या नखाने जरा खरवडणार आणि म्हणणार, "होईल." कधी होईल, ते विचारायचं नाही. मागच्या खोलीत अशा 'होईल' म्हटलेल्या वस्तूंनी इतकी जागा अडवली आहे की माझं शिलाई मशीन खिडकीशी अंग चोरून उभं आहे. नोकरी काय, तर दिवसभर पंपांच्या वर्कशॉपमध्ये पंप उघडायचे आणि जोडायचे. घरी येऊन विश्रांती काय, तर पुन्हा तेच.

आणि ती गाडी. जुनी, लहान, तीन सिलिंडरची, कधीकाळी निळी असलेली. सपाट रस्त्यावर शहाण्यासारखी चालते, कुरकुर नाही, मागणी नाही. पण गावामागच्या टेकडीचा चढ लागला की तिचं सगळं शहाणपण संपतं. वर जायला वळणावळणाचा रस्ता आहे. पहिलं वळण ती घेते, दुसरं रडतखडत घेते, आणि तिसऱ्या वळणावर तिचा दम संपतो. मग ठरलेला कार्यक्रम. हे गाडी थांबवणार, आम्ही बाकीचे निमूट उतरणार, हलकी झालेली गाडी एकटी वर जाणार आणि आम्ही तिच्या मागून धापा टाकत चालणार. तिसऱ्या वळणावर एक पंक्चरवाला बसतो. तो दर वेळी विचारायचा, "काय वहिनी, आज पण पायीच?"

"तब्येतीला बरं असतं," मी म्हणायचे, आणि ह्यांच्याकडे असं बघायचे की माणसाला गाडी विकावीशी वाटली पाहिजे. ह्यांना नाही वाटली.

टेकडीवर सासूबाईंची थोरली बहीण राहते, आम्ही सगळे तिला मावशी म्हणतो. गाडी नवीन घेतली, म्हणजे जुनीच पण आम्हाला नवीन, तेव्हा मावशींनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि ह्यांना विचारलं, "खेळणं छान आहे रे. ह्याला चावी कुठून द्यायची?" झालं. सासूबाईंच्या ते जे मनाला लागलं, ते आजतागायत.

गुडघे धड होते तोवर सासूबाईही तिसऱ्या वळणावर उतरून चालायच्या. मग गुडघे गेले. अंगाने त्या चांगल्या भरभक्कम आहेत. एकदा ह्यांनी आम्हा कोणालाच न घेता फक्त आईला नेऊन बघितलं. गाडी तिसऱ्या वळणावर थांबली ती थांबलीच. सासूबाईंना उतरता येईना आणि गाडीला चढता येईना. शेवटी हे तिला रिव्हर्समध्ये खालपर्यंत घेऊन आले, पंक्चरवाल्यासमोरून, तोंड वरच्या बाजूला करून. त्या दिवसापासून सासूबाई टेकडीचं नाव काढेनात. बहिणी बहिणी रोज फोनवर भांडायच्या तेवढंच.

"टॅक्सी करू या की आई," मी कितीदा म्हटलं.

"भाड्याच्या गाडीतून गेले तर ताई म्हणेल, बघ, म्हटलं नव्हतं? जाईन तर पोराच्या गाडीतून जाईन."

बरं, मावशींनी खाली यावं, तर त्यांचं वेगळंच. "मी मोठी आहे. तिने यायचं." मी दोघींपुढे हात टेकले होते. एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं.

मग एक दिवस फोन आला आणि सासूबाई तो ठेवायलाच विसरल्या. रिसीव्हर मांडीवर, आणि त्या भिंतीकडे बघतायत. मावशींचं घर विकलं होतं. मुलगा परदेशात असतो, तो येऊन त्यांना कायमचं घेऊन जाणार होता. दोन-तीन महिन्यांचा अवधी होता. एवढ्या लांब गेलेलं ह्या वयातलं माणूस पुन्हा भेटत नाही, हे दोघींनाही कळत होतं. तरीही टॅक्सीला सासूबाई नाहीच म्हणाल्या. उलट जास्तच हट्टाने म्हणाल्या. मला राग आला आणि दुसऱ्या खोलीत जाऊन मी रडलेही.

हे जेवत होते. त्यांनी आईच्या गुडघ्यांकडे बघितलं, खिडकीतून गाडीकडे बघितलं, आणि म्हणाले, "होईल."

"काय होईल?" मी विचारलं.

"टर्बो बसवतो."

मला वाटलं, काहीतरी औषध आहे. मग ह्यांनी ताटातच बोटाने रेघा ओढून समजावलं. इंजिनातून जो धूर बाहेर जातो तो जोरात जातो आणि फुकट जातो. त्या झोतावर एक छोटा पंखा फिरवायचा. त्याच दांड्यावर पलीकडे दुसरा पंखा, तो बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतो. भट्टीला भाता लावतात तसं. हवा जास्त, पेट्रोल जास्त, जोर जास्त.

"म्हणजे धुरावर चालणारा पंखा."

"हो. धूर फुकटचा."

"आणि पंखा?"

हे ताटातल्या रेघा पुसायला लागले. चौकशी केली तेव्हा कळलं, नवीन टर्बो आणि त्याचं सगळं सामान घ्यायचं तर आमची गाडी विकून वर भर घालावी लागली असती. मी म्हटलं, पडद्यांच्या ऑर्डरचे आलेत तेवढे घ्या, त्यापलीकडे दमडी मागायची नाही. हे भंगारवाल्याकडे गेले. त्याच्याकडे अपघातात चेपलेली एक छोटी डिझेल गाडी पडून होती, तिचा टर्बो शाबूत होता. भंगारवाल्याच्या विहिरीवरचा पंप कित्येक दिवस बंद. ह्यांनी पंप चालू करून दिला आणि टर्बोची किंमत अर्ध्यावर आणली. ती वस्तू घरी आली आणि थेट जेवणाच्या टेबलावर बसली. हे तिच्या पंख्याला बोटाने इकडून तिकडे हलवून बघत होते. आडवा हलला तर गेलेला, म्हणे. नाही हलला.

सासूबाईंनी चष्मा लावून बघितलं. "गोगलगाय आहे का ही?"

खरंच तशीच होती, वळसे घेतलेली. तेव्हापासून आमच्या घरात टर्बो हा शब्द कोणी उच्चारला नाही. गोगलगायच.

आता गोगलगाय इंजिनाला जोडायची तर मधे एक जाड लोखंडी पट्टी हवी, जिची एक बाजू इंजिनाला बसेल आणि दुसरी गोगलगायीला. हे फूटपट्टीने माप घ्यायचे, आणि दर वेळी माप वेगळं यायचं. दोन दिवस बघितलं, मग मला राहवेना. म्हटलं, सरका. ब्राउन पेपर घेतला, गोगलगायीच्या तोंडावर ताणून धरला, वरून खडू घासला. कडा, भोकं, सगळं स्वच्छ उमटलं. आयुष्यभर मापंच घेत आले आहे मी. कात्री घेतली आणि कापून दिलं. हे बघतच राहिले. "कमाल आहे तुझी," म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, त्यामुळे पुढे जे झालं ते जरा जास्तच झोंबलं.

ह्यांचा बालमित्र वेल्डर आहे. त्याने माझ्या कागदाबरहुकूम पट्टी कापली, भोकं पाडली, घेऊन आला. लावायला गेले तर पट्टी बसेना. भोकं बरोबर, पण कडा चहूबाजूंनी बोटभर बाहेर. एका बाजूने तर ती इंजिनाच्या अंगालाच अडत होती. वेल्डरने कागद उलटसुलट केला आणि माझ्याकडे बघितलं.

"वहिनी, ही माया ठेवली आहे का तुम्ही?"

ठेवली होती. शिवणकामात कापड कापताना मापाबाहेर बोटभर जास्तीचं सोडतात, त्याला माया म्हणतात. उद्या पोर वाढलं, अंग सुटलं, तर शिवण उसवून कपडा सैल करता यावा म्हणून. माझा हात मायेशिवाय कापतच नाही. आता लोखंड काही अंगाने सुटत नाही, हे मला कळतं, पण कात्रीला कोण सांगणार?

"लोखंडाचं झबलं शिवलंत," वेल्डर म्हणाला आणि खाली बसून हसायला लागला. हेही हसले. सासूबाई दारात खुर्ची टाकून देखरेख करत बसायच्या, त्याही हसल्या. मी चहा फक्त तीन कप केला आणि तो मी, सासूबाई आणि शेजारीण अशा तिघींनी घेतला. वेल्डरने अडत होती तेवढी बाजू घासून काढली, बाकीच्या बाजूंची माया कंटाळून तशीच सोडली आणि पट्टी इंजिनाच्या धुराच्या नळीला वेल्ड करून टाकली.

पुढचे कितीतरी रविवार ह्याच कामात गेले. गोगलगाय फार जोरात फिरते, तिला सतत इंजिनाचं तेल लागतं, त्याची नळी वरून आणली. प्यायलेलं तेल परत खाली जायला दुसरी नळी, ती मात्र उतरतीच हवी, नाहीतर तेल तुंबतं. पेट्रोल जास्त लागणार म्हणून ते इंजिनात फवारणाऱ्या तोट्या मोठ्या गाडीच्या, भंगारातून आल्या. हवेचा दाब दाखवायला ह्यांनी वर्कशॉपमधून बाद झालेलं पंपाचं मीटर आणून स्टिअरिंगशेजारी लावलं. माझं मापाचं टेप हरवलं ते बॉनेटखाली सापडलं. ह्यांच्या हातांचा काळा रंग जाईना म्हणून मी टॉवेल वेगळा केला, तर हे चुकून नेमका माझाच घ्यायचे.

पहिल्यांदा गाडी चालू केली तेव्हा एक बारीक शीळ ऐकू आली. सासूबाईंनी खुर्चीतूनच विचारलं, "ही गातेय का?" हे खूश होऊन गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आले. आणि थोड्याच वेळात फट् आवाज झाला, धूर झाला. तापून पट्टीचं वेल्डिंग तडकलं होतं. वेल्डर वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "नशीब, ह्या बाजूला माया शिल्लक आहे. कडेवरून दुसरा जाड टाका मारता येईल. नाहीतर पट्टी नवीनच करावी लागली असती." त्या दिवशी मी चहा सगळ्यांना केला आणि त्याबरोबर झबल्याची आठवणही सगळ्यांना दिली. पुढे आठवडाभर देत राहिले.

मग चाचणी. सासूबाईंच्या वजनाएवढी वाळूची पोती मागे टाकली. "किती पोती लागली?" सासूबाईंनी विचारलं. हे टायरची हवा बघायला वाकले. वेल्डरने तर आकाशाकडे बघितलं.

मी शेजारी बसले. गाडी टेकडीला लागली आणि काय सांगू, माझी पाठ सीटला टेकली. ह्या गाडीत असं कधीच झालं नव्हतं. ह्यांचा चेहरा असा काही उजळला की मी चढाकडे न बघता त्यांच्याकडेच बघत राहिले. गोगलगायीच्या बाजूला एक झडप असते, जास्तीचा धूर बाजूने सोडून देते, म्हणजे दाब हाताबाहेर जात नाही. तिची दांडी नटने आवळली की दाब वाढतो. ह्यांनी गाडी थांबवून नट थोडा आवळला. पळाली. अजून आवळला. अजून पळाली. अजून आवळला, आणि इंजिनात फुटाणे तडतडावेत तसा आवाज यायला लागला.

"अहो, हे काय वाजतंय?"

ह्यांनी पाय झटकन काढला. गाडी तशीच हळूहळू घरी आणली. जेवले नाहीत. जुनं इंजिन आहे, एवढा दाब त्याला सोसत नाही, अजून थोडं तसंच दामटलं असतं तर पिस्टनला भोक पडून सगळंच संपलं असतं, हे त्यांनी भिंतीला सांगितलं. सासूबाई आतल्या खोलीत होत्या, पण दार उघडं होतं. मावशींचा मुलगा यायला आता फार दिवस राहिले नव्हते.

मला खरं तर ओरडायचं होतं. पण त्यांचा पडलेला चेहरा बघून ओरडवेना. मी म्हटलं, "तुम्ही शिवण अगदी काठावर घेतलीत. जरा माया ठेवा."

"म्हणजे?"

"इंजिनाचा सगळाच्या सगळा जोर आजच काढून घ्यायचा आहे का? आई वर पोचतील एवढाच काढा. बाकीचा राहू दे आत."

ह्यांनी पाना उचलला. मग उठून बाहेर गेले आणि नट सैल करून आले. दुसऱ्या दिवशी पोत्यांसकट गाडी वर गेली, पळत नाही, पण न थांबता, आणि फुटाणे एकदाही वाजले नाहीत. वर पोचल्यावर मी किल्लीला हात लावला तर ह्यांनी अडवलं. "लगेच बंद करायचं नाही. गोगलगाय तापलेली असते. थोडा वेळ इंजिन तसंच चालू ठेवायचं, तेल फिरून ती निवते, मग बंद."

सासूबाईंचा दिवस उजाडला. ठेवणीतले कपडे, केसांना तेल, पुढच्या सीटवर त्या, मागे मी, माझ्या मांडीवर मावशींसाठी शिवलेल्या उशांच्या अभ्र्यांचं बोचकं. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. शीळ चालू होती, गाडी छान चढत होती. तिसरं वळण आलं. पंक्चरवाला मान उंचावून बघायला लागला.

आणि ह्यांनी गाडी थांबवली.

आणि मी दार उघडून उतरले.

दार लावलं आणि मग आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. कोणीच काही सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांची सवय. ह्यांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला, माझा हात आपोआप दारावर.

"काय झालं?" सासूबाई घाबरून विचारत होत्या. "नाही का चढत?"

ह्यांच्या कपाळावर घाम. चालत्या गाडीत गोगलगाय जोर देते, पण गाडी उभी राहिली, इंजिनाचा वेग उतरला, की ती झोपते. आणि त्या वळणावर, त्या चढावर, आईला घेऊन उभ्या जागेवरून निघणं म्हणजे सगळ्यात अवघड. मी दाराला हात लावला तशी ह्यांनी मानेनेच नको म्हटलं. "बाजूला हो."

हँडब्रेक ओढलेला, इंजिन गुरगुरायला लागलं. जळका वास आला. चाकं इंचभर मागे आली आणि मी हातातलं बोचकं छातीशी आवळलं. मग शीळ सुरू झाली, आधी बारीक, मग मोठी. गाडी जागची हलली, वळणावर चढली, आणि गेली. मला तिथेच ठेवून गेली. थांबणार कशी? मागच्या काचेतून सासूबाईंचा हलणारा हात तेवढा दिसला.

पंक्चरवाला उठून माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. "वहिनी, आज पण पायीच?"

मला इतकं हसू आलं की पोट धरून रस्त्याच्या कडेला बसावं लागलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते हसण्याचं की कशाचं, मलाही सांगता येणार नाही. मग पदराने डोळे पुसले आणि बोचकं डोक्यावर घेऊन चालायला लागले. ज्या चढासाठी एवढा उपद्व्याप केला, तो मी त्या दिवशीही पायीच चढले, आणि इतक्या आनंदाने कधीच चढले नव्हते.

वर पोचले तर सासूबाई गाडीतच. मावशींच्या दाराला पायऱ्या आहेत, गुडघे आखडलेले, त्यामुळे मावशीच बाहेर येऊन मागच्या सीटवर बसल्या होत्या. धाकटीने मान वळवलेली, थोरलीने पुढे वाकून तिचा हात धरलेला.

"किती जाड झालीस."

"आणि तू? आहेस कुठे? सीटवर दिसत पण नाहीस."

मावशींनी ह्यांना जवळ बोलावलं. "खरं सांग. चावी कुठून दिलीस?" ह्यांनी कौतुकाने बॉनेट उघडून गोगलगाय दाखवली. मावशींनी ती नीट बघितली आणि काहीच टोमणा मारला नाही. मग म्हणाल्या, "घरात सगळी बांधाबांध चालू आहे. तो येईपर्यंत मी खालीच येते तुझ्याकडे. नेशील?"

"होईल," हे म्हणाले.

पुढचे दिवस आमच्या घरात मशीनचा आवाज मला ऐकू आला नाही. दोघी सकाळपासून ज्या सुरू व्हायच्या त्या झोपेतही भांडत असाव्यात. एका पलंगावर झोपायच्या, पांघरूण कोणी ओढलं यावरून सकाळ उजाडायची. मी वैतागायचे आणि मनातून म्हणायचे, संपू नये हे.

संपलं. मुलगा आला, मावशींना वर पोचवायचा दिवस आला. आता गाडीत चौघं. मी म्हटलं, मी राहते घरी, तेवढंच वजन कमी.

"कोणी राहायचं नाही," हे म्हणाले. त्यांनी बॉनेट उघडून त्या नटला अगदी थोडासा पीळ दिला. "माया ठेवली होती ती कशासाठी? आज थोडी उसवतो." मग माझ्या शिवणाच्या डब्यातली नाडी घेऊन त्यांनी माझ्या दाराची कडी घट्ट बांधून टाकली. दोघी मागे बसून हसत होत्या.

तिसऱ्या वळणावर माझा हात कडीकडे गेलाच. नाडी लागली. पंक्चरवाला तोंड उघडून उभा होता, त्याला काही विचारताच आलं नाही, कारण आम्ही पुढे गेलो होतो. फुटाणे वाजले नाहीत. चौघांना घेऊन आमची गाडी टेकडीच्या माथ्यावर पोचली.

मावशींच्या दारात बॅगा रचलेल्या होत्या. टॅक्सी उभी होती. मुलगा पायऱ्यांवर वाट बघत होता. ह्यांनी हँडब्रेक ओढला. इतकी वर्षं वाटेतच उतरणारे आम्ही, वर पोचलो तर कोणीच उतरेना.

शेवटी मावशी म्हणाल्या, "उतरायला हवं."

"थांबा, मावशी," हे समोर बघत म्हणाले. "इंजिन थोडा वेळ चालू ठेवावं लागतं. गोगलगाय तापली आहे."

मावशी टेकून बसल्या. सासूबाईंनी त्यांचा हात आपल्या गुडघ्यावर घेतला. इंजिन हलक्या आवाजात चालत राहिलं. गोगलगाय केव्हाच निवली असणार, मला कळत होतं आणि ह्यांनाही कळत होतं, पण त्यांनी किल्लीला हात लावला नाही. माझ्या दाराच्या नाडीची गाठ वाटेतच सैल होऊन सुटली होती. मी ती कोणाला दिसू न देता दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले.